आधी तारीख, मग कायदा, मग शब्द : मराठवाड्यातल्या जमिनीचे जुने कागद आणि निकाल वाचण्याची रीत

तहसीलच्या आवारात अर्जनवीसांच्या टेबलापाशी थोडा वेळ थांबलं की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. "साहेब, ह्या शब्दाचा अर्थ काय हो?" सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलेलं असतं. 'सं. कूळ', 'खिदमतमाश', 'वर्ग २', असं काहीतरी. सांगणारा घाईत असतो. "काही नाही काका, जुनी नोंद आहे ती." त्या 'काही नाही'वर इसार दिला जातो, खरेदीखत होतं, विहीर खोदली जाते, आणि पाच-सहा वर्षांनी नोटीस दारात येते.

अशी घरं मी पाहिली आहेत. त्यांची अक्कल कमी पडली नव्हती, प्रश्नांचा क्रम चुकला होता. शब्दाचा अर्थ सगळ्यात आधी विचारायचा नसतो. मराठवाड्यात तर नाहीच नाही, कारण इथल्या एकाच शेताचे कागद तीन राज्यांत तयार झालेले आहेत : ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. शब्द तोच राहिला आणि त्यामागचा कायदा बदलला, असं अनेकदा झालं. म्हणून आधी तारीख, मग त्या तारखेचा कायदा, मग शब्द, आणि सगळ्यात शेवटी न्यायालयाचा निकाल. हा क्रम मोडला की बाकीची मेहनत वाया जाते.

समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित शेत घेऊ. गट नंबर ११२, चार एकर दहा गुंठे. घरात एक उर्दू कागद आहे, खासरा पाहणीची एक नक्कल आहे, आजचा सातबारा आहे आणि त्यावर 'सं. कूळ', म्हणजे 'संरक्षित कूळ', अशी नोंद आहे. आत्याने हिस्सा मागितला आहे आणि पुतण्याच्या मोबाईलवर 'मुलींना समान हक्क' अशी एका निकालाची बातमी आली आहे. हेच घर शेवटपर्यंत सोबत ठेवू.

## टप्पा १ : कागद गोळा करा, अर्थ लावायला बसू नका

पहिल्या दिवशी फक्त जमवाजमव करायची.

तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज देऊन १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक (कोणतं शेत कोणाकडे, याची जुनी नोंद), त्यानंतरची पाहणी पत्रकं, जुने हस्तलिखित सातबारे आणि सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेल्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मागा. भूमी अभिलेख कार्यालयातून सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची जुनी नोंद) आणि एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्या. त्यात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ असतो. दुय्यम निबंधकांकडून त्या जमिनीची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांची यादी, काढा. इनामाचा वास येत असेल तर अतियातची, म्हणजे इनाम-चौकशीची, मिसल (फाइल) आणि मुंतखब (त्या चौकशीचा गोषवारा) आहे का, ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. नक्कल टाळली जात असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा, त्याला उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे.

ऑनलाइन सातबारा तुम्हाला फक्त आजचं चित्र दाखवतो. ते चित्र तसं का झालं, हे फेरफार सांगतो. पाच रुपयांचा कागद नको म्हणून फेरफाराची नक्कल न काढणारे लोक पुढे पाच लाखांच्या वादात सापडतात, म्हणून हे जोर देऊन सांगतो : एकही फेरफार सोडू नका.

उर्दू आणि मोडी कागदांचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या, पण त्याला सांगा, "अर्थ नको, आहे तसं अक्षरन् अक्षर उतरवून द्या." भाषांतर करणारा चांगल्या मनाने 'असामी शिकमी' च्या जागी 'कूळ' लिहितो आणि 'शिकमीदार' च्या जागीही 'कूळ' च लिहितो. तिथे घोळ सुरू होतो. तो का, ते चौथ्या टप्प्यात येईल.

तपासा : सगळ्या कागदांवरचं क्षेत्र जुळतं का? जुन्या कागदावर ४-१० म्हणजे चार एकर दहा गुंठे, चार पूर्णांक दहा शतांश एकर नव्हे. चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि एकर म्हणजे साधारण ४०.४७ आर. म्हणजे आपलं शेत १ हेक्टर ७२ आर भरायला हवं. आजच्या सातबाऱ्यावर १ हेक्टर ४० आर असेल, तर मधली ३२ आर कुठल्या फेरफाराने गेली ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : प्रत्येक कागदाची तारीख इंग्रजी वर्षात आणा

एका कोऱ्या कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे मूळ तारीख, उजवीकडे इंग्रजी तारीख.

निजामाच्या राज्यात महसुली कारभार फसली सनावर चाले. हे वर्ष १ आजूरला सुरू होई, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. १३५३ फसली ६ ऑक्टोबर १९४३ ला सुरू झाला, ही एक तारीख पाठ ठेवली तरी पुष्कळ. महिन्यांचा क्रम असा : आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहेर, आबान.

आजूर, दै आणि बहमनचा बराचसा भाग ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. तिथे फसली सनात ५९० मिळवा. बहमनच्या शेवटापासून आबानपर्यंत ५९१ मिळवा. आपल्या उर्दू कागदावर '१७ खुर्दाद १३५२ फसली' आहे. खुर्दाद सातवा महिना, म्हणजे एप्रिलच्या आसपास. १३५२ मध्ये ५९१ मिळवले की एप्रिल १९४३. पडताळा हवा असेल तर एक ठाऊक तारीख घ्या. जहागिरी रद्द करणारा कायदा १३५८ फसलीचा म्हणून ओळखला जातो आणि तो ऑगस्ट १९४९ मध्ये आला. १३५८ अधिक ५९१, बरोबर १९४९.

सावधान : त्याच काळात हिजरी सनही वापरात होता. १३५२ हिजरी म्हणजे १९३३-३४ आणि १३५२ फसली म्हणजे १९४२-४३. मधे नऊ वर्षांचं अंतर पडतं, आणि कुळाच्या हक्कात नऊ वर्षांत सगळा निकाल फिरतो. महिना मोहरम, सफर, रमजान असा असेल तर सन हिजरी. खुर्दाद, तीर, आबान असेल तर फसली. नुसता आकडा असेल, महिना नसेल, तर कागदावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने वर्ष लिहू नका.

रकमेबाबतही तेच. हैदराबादचा हाली रुपया आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया वेगळे होते. सात हाली म्हणजे सहा कलदार. गहाणाच्या जुन्या कागदावर 'रुपये ७००' दिसले तर ते कुठले, ते पाहा.

## टप्पा ३ : त्या तारखेला तिथे कोणता कायदा चालत होता?

सगळ्यात जास्त माणसं इथे घसरतात, तीही शिकलेली माणसं.

इंटरनेटवर 'कूळकायदा' शोधला की पहिल्यांदा येतो तो १९४८ चा मुंबई कूळकायदा. त्यात १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आहे, कलम ३२-ग आहे, कलम ४३ आहे. हे सगळं पश्चिम महाराष्ट्राला लागू. विदर्भाला १९५८ चा वेगळा कायदा. आपल्या आठ जिल्ह्यांना, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिवला लागू आहे तो हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. तो १० जून १९५० रोजी अमलात आला. पुण्या-साताऱ्याकडच्या पाहुण्याचा सल्ला कितीही मनापासून दिलेला असला तरी त्यातली कलमं आपल्या शेताला चिकटवू नका.

"निजाम गेला, हैदराबाद राज्य गेलं, मग त्याचा कायदा कसा राहिला?" हा प्रश्न रास्त आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ मध्ये उत्तर आहे. प्रदेश एका राज्यातून दुसऱ्यात गेला तरी त्या प्रदेशात चालू असलेले कायदे, नवं विधिमंडळ ते बदलेपर्यंत, त्याच प्रदेशापुरते चालूच राहतात. म्हणून आजही संभाजीनगरच्या खंडपीठात 'हैदराबाद' नावाचे कायदे रोज वाचले जातात.

तुमच्या उभ्या रेघेवर आता तिसरा रकाना काढा आणि प्रत्येक तारखेसमोर कायदा लिहा. ढोबळ चौकट अशी :

- १५ ऑगस्ट १९६७ च्या आधीची महसुली नोंद : हैदराबाद जमीन महसूल कायदा, १३१७ फसली.
- १५ ऑगस्ट १९६७ नंतरची महसुली नोंद : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६.
- कूळ असल्याचा प्रश्न, १० जून १९५० पासून पुढे : १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा.
- इनामाचा वारसा आणि चौकशी : हैदराबाद अतियात चौकशी कायदा, १९५२.
- इनाम रद्द होणं : हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याबाबतचा कायदा, १९५४.
- हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरातला वारसा, १७ जून १९५६ पासून : हिंदू उत्तराधिकार कायदा. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही.

आपला १९४३ चा उर्दू कागद पहिल्या ओळीत बसतो. सातबाऱ्यावरची 'सं. कूळ' नोंद तिसऱ्या ओळीत. आत्याचा हिस्सा शेवटच्या. एका शेतात तीन कायदे आले, आणि तिघांची भाषा वेगळी.

तपासा : रेघेवरची एकही तारीख कायद्याविना राहिली आहे का? असेल तर चौथ्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ४ : आता शब्द उघडा

शब्दाचा अर्थ शब्दकोशात नाही, कायद्याच्या व्याख्येच्या कलमात शोधायचा. बहुतेक कायद्यांत ते दुसरं कलम असतं. नेहमी घोटाळा होणारे शब्द असे.

शिकमीदार आणि असामी शिकमी. १३१७ फसलीच्या कायद्यात हे दोन वेगळे लोक आहेत. शिकमीदार हा जमिनीच्या मालकीत हक्क असलेला, पट्टेदाराच्या जोडीने जमीन धरणारा भागीदार. सरकारात महसूल पट्टेदाराच्या नावाने भरला जाई म्हणून शिकमीदाराचं नाव मागे राहिलं, हक्क नव्हे. असामी शिकमी मात्र पट्टेदाराची जमीन लावणीने कसणारा. दोन्हींना 'कूळ' म्हटलं की एका घराचा मालकी हिस्सा कागदावरून पुसला जातो, किंवा उलट कुळाला मालक समजलं जातं. आपल्या खुर्दादच्या कागदावर आजोबांना 'असामी शिकमी' म्हटलं आहे. म्हणजे एप्रिल १९४३ मध्ये ते कसणारे होते, भागीदार नव्हते.

संरक्षित कूळ. १९५० च्या कायद्याचं कलम ३४. सलग सहा वर्षे कूळ म्हणून जमीन धरली असेल आणि स्वतः कसली असेल, तर संरक्षण. पण ती सहा वर्षे कोणतीही चालत नाहीत. एकतर ती पूर्णपणे १३४२ ते १३५२ फसलीच्या आत हवीत, किंवा १ जानेवारी १९४८ च्या लगत आधीची हवीत, किंवा १३५३ फसलीच्या पहिल्या दिवसानंतर सुरू होऊन कायदा येण्यापूर्वी पुरी झालेली हवीत. दुसऱ्या टप्प्यातला हिशेब का नेटका हवा होता, ते इथे कळतं. हिजरी-फसलीची गल्लत झाली तर माणूस सहा वर्षांच्या खिडकीतून थेट बाहेर पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'संरक्षित कूळ' म्हणजे मालक नव्हे. ती मालक होण्याआधीची पायरी आहे. मालकी मिळते कलम ३८ खाली खरेदी करून किंवा कलम ३८-ई खाली शासनाच्या अधिसूचनेने, आणि त्याचं प्रमाणपत्र निघतं. सातबाऱ्यावर 'सं. कूळ' असेल आणि ३८-ई चं प्रमाणपत्र नसेल, तर दोन्ही बाजूंनी थांबा. विकत घेणाऱ्याने "जुनी नोंद" म्हणून ती उडवून लावू नये, कारण संरक्षित कुळाचे हक्क वारसांकडे जातात. कसणाऱ्यानेही "आम्ही मालकच" असं गृहीत धरू नये. कूळ जमीन सोडून गेलं असं मालक म्हणत असेल, तर तोंडी सांगण्यावर जाऊ नका. लेखी राजीनामा आणि त्यावरची तहसीलदारांची कारवाई मागा.

मदतमाश आणि खिदमतमाश. कानाला सारखे, परिणामाला उलटे. माश म्हणजे चरितार्थ. मदतमाश ही एखाद्या माणसाला वा घराण्याला जगण्यासाठी दिलेली जमीन. खिदमत म्हणजे सेवा. खिदमतमाश ही देऊळ, दर्गा, मशीद यांच्या सेवेच्या बदल्यात दिलेली. मदतमाश १९५४ च्या इनाम कायद्याच्या कक्षेत आली, आणि ठरलेला नजराणा भरून ती वर्ग १, म्हणजे हस्तांतराचं बंधन नसलेली, करण्याची वाट कायद्यात आहे. नजराण्याचा दर शासनाने एकाहून अधिक वेळा बदलला आहे, तेव्हा जुन्या कात्रणावरून हिशेब करू नका, अर्ज कराल त्या दिवशीचा दर तहसीलमधून लेखी घ्या. खिदमतमाशचं वेगळं आहे. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामं त्या कायद्याने रद्द केली नाहीत. तिथे कसणारा पुजारी किंवा मुजावर सेवेकरी आहे, मालक नाही, आणि त्याने करून दिलेलं खरेदीखत नोंदणीकृत असलं तरी घेणाऱ्याला वाचवत नाही. दर्गा-मशिदीची असेल तर वक्फच्या यादीत पाहा. वक्फचा कायदा २०२५ मध्ये बदलला आहे, त्याआधीचे लेख बाजूला ठेवा.

एका ओळखीच्या घराने हीच गल्लत केली. मध्यस्थ म्हणाला, "माश म्हणजे माश, नजराणा भरला की मोकळं." कागदावर 'खिदमत' लिहिलेलं होतं. सात वर्षं झाली, ते घर अजून तारखा करतंय. एका शब्दाचा पूर्वार्ध वाचला असता तर पैसे वाचले असते.

मुंतखब. अतियात चौकशीत इनाम कोणाच्या नावे, कशासाठी आणि कोणत्या अटीवर, हे ठरल्यावर निघालेला गोषवारा. इनाम जमिनीचा सातबारा आणि मुंतखब यांत फरक दिसला तर आधी मुंतखब वाचा, त्यातला 'कशासाठी' हा शब्द शोधा.

वर्ग २. म्हणजे जमीन तुमची, पण हस्तांतरावर बंधन. 'बंधन कुठल्या कारणाने' हे एका अंकात लिहिलेलं नसतं. कुळाची खरेदी, इनाम, सरकारी वाटप, सगळ्यांना वर्ग २ च लिहितात, आणि प्रत्येकाची परवानगी वेगळ्या कायद्याखाली असते. कारण फेरफारात सापडतं.

फेरफार. नोंद बदलल्याची नोंद. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानतात. पण तिने मालकी निर्माण होत नाही आणि जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०२१ च्या प्रकरणात तर मृत्युपत्रावरून वाद असेल तर आधी दिवाणी न्यायालयात हक्क ठरवून आणा, मग फेरफार, असं स्पष्ट म्हटलं. "नाव लागलं, आता जमीन आपली" हा आनंद अर्धवट माहितीचा आहे.

## टप्पा ५ : कलम वाचताना सांधे बघा

कलम म्हणजे एक लांब वाक्य. ते सरळ वाचत गेलं की पहिली ओळ लक्षात राहते आणि गाभा सुटतो. मी पेन्सिलने चार गोष्टींना गोल करतो.

'परंतु'. इथून अपवाद सुरू होतो. बऱ्याचदा तुमचं प्रकरण नेमकं अपवादातच असतं.

'काहीही अंतर्भूत असले तरी'. हे कलम इतरांवर मात करतं. उलट 'च्या अधीन राहून' लिहिलं असेल तर ते दुसऱ्याच्या हाताखाली आहे; ते दुसरं कलम आधी वाचा.

'करील' आणि 'करता येईल'. पहिल्यात अधिकाऱ्यावर बंधन, दुसऱ्यात त्याचा विवेक. अर्ज नामंजूर झाला की रागावण्याआधी हे क्रियापद बघा.

चौथी गोष्ट कलमाच्या खाली बारीक अक्षरात असते : दुरुस्ती कधी झाली. आपल्या शेताचंच घ्या. आजोबांना ३८-ई ने जमीन मिळाली असं धरू. अशी जमीन विकायला कलम ५०-ब प्रमाणे परवानगी लागे. ते कलम फेब्रुवारी २०१४ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बदललं : खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर जमीन महसुलाच्या चाळीस पट नजराणा भरून, घेणारा शेतकरी असणं वगैरे अटी पाळून, आधीच्या परवानगीशिवाय व्यवहार करता येतो. जुन्या पुस्तकात हे सापडणार नाही. आणि २०१४ आधी परवानगी न घेता झालेला व्यवहार या दुरुस्तीने आपोआप धुऊन निघतो असंही समजू नका.

## टप्पा ६ : निकाल वाचा, बातमी नव्हे

निकाल शेवटाकडून वाचायला घ्या. शेवटच्या परिच्छेदात हुकूम असतो : मान्य, अंशतः मान्य, फेटाळले, फेरचौकशीसाठी परत पाठवले, निकाली काढले. 'निकाली काढले' म्हणजे कोणी जिंकलं असं नाही. कित्येकदा "आधी खालच्या अधिकाऱ्याकडे जा" एवढंच सांगितलेलं असतं. 'परत पाठवले' म्हणजे वाद जिवंत आहे. 'जैसे थे' आदेश हा निकाल नव्हे, तो वाद चालू असेपर्यंतचा बंदोबस्त. गावात मात्र 'जैसे थे' मिळाला की पेढे वाटले जातात.

मग मागे जाऊन न्यायालयाने काढलेले मुद्दे वाचा, त्यानंतर प्रकरणाची हकिकत. प्रत्येक हकिकतीपुढे आपल्या शेताची हकिकत लिहा. जुळते का? नाही जुळली तर त्या निकालातलं सुंदर वाक्य तुमच्या उपयोगाचं नाही.

पुतण्याच्या मोबाईलवरची बातमी आता उघडू. निकाल आहे विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, सर्वोच्च न्यायालय, ११ ऑगस्ट २०२०, तीन न्यायमूर्ती. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, आहे, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे हा हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असणं गरजेचं नाही, असं त्यात ठरलं. याआधी २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलावती या प्रकरणात नेमकं उलट, वडील त्या दिवशी हयात हवेत, असं म्हटलं होतं. २०२० ने ते मोडीत काढलं. म्हणून २०१५ ते २०२० मधले लेख आणि सल्ले वापरताना जपून. मात्र २० डिसेंबर २००४ आधी झालेल्या विक्रीला आणि रीतसर वाटणीला २०२० चा निकाल हात लावत नाही. 'तोंडी वाटणी झाली होती' हा बचाव सहसा टिकत नाही. तिला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो.

आता खरा प्रश्न. हा निकाल आपल्या शेताला लागतो का? बातमी वाचून भाऊ घाबरले, आत्या खूश झाली, पण दोघांनीही आधीची पायरी ओलांडली. निकाल आहे वडिलोपार्जित एकत्र मिळकतीचा. आपली जमीन आजोबांना कूळ म्हणून मिळाली. ती त्यांची स्वतःची की कुटुंबाची, हे आधी ठरायला हवं. समजा त्यांची स्वतःची ठरली आणि ते मृत्युपत्र न करता १९५६ नंतर वारले, तर आत्या पहिल्या वर्गाची वारस म्हणून भावांच्या बरोबरीने हिस्सा घेतेच. त्यासाठी २०२० च्या निकालाची गरजच नाही. मृत्युपत्र असेल तर चित्र पुन्हा वेगळं. एवढा फरक एका मथळ्यात मावत नाही.

सावधान : जमिनीवर कोणी कूळ आहे की नाही, हे दिवाणी न्यायालय स्वतः ठरवत नाही. १९५० च्या कायद्याच्या कलम ९९-अ प्रमाणे तो मुद्दा तहसीलदारांकडे पाठवावा लागतो. तो न पाठवता मिळालेल्या हुकूमनाम्यावर फार विसंबू नका.

## टप्पा ७ : घरच्यांना सांगण्याआधी पाच ओळी लिहा

तोंडी सांगितलेला कायदा दुसऱ्या तोंडात गेला की बदलतो. म्हणून लिहून ठेवा, साध्या मराठीत : जमीन कोणती, कोणत्या तारखेला काय घडलं, त्या दिवशी कोणता कायदा होता, त्या कायद्यात आपला शब्द काय सांगतो, आणि आपल्याला अजून कोणता कागद मिळालेला नाही. पाचवी ओळ सर्वांत मोलाची, ती रिकामी सोडू नका. आपल्या उदाहरणात ती अशी होईल : "३८-ई चं प्रमाणपत्र पाहिलेलं नाही. आजोबांचं मृत्युपत्र होतं की नाही, माहीत नाही."

वाचून दाखवताना घरातल्या बायकांना बाहेर बसवू नका. ज्यांचा हिस्सा आहे त्यांच्यासमोरच वाचा. आणि वाचून झाल्यावर त्यांनाच विचारा, "आत्या, तुम्ही सांगा बरं, काय समजलं?" त्यांनी चुकीचं सांगितलं तर तुमचं लिहिणं दुरुस्त करा.

हाच कागद घेऊन वकिलाकडे जा. चाळीस पानांचं पुडकं समोर टाकण्यापेक्षा तारखांची रेघ आणि या पाच ओळी दिल्या तर पहिल्याच भेटीत काम पुढे सरकतं. जाताना मुदत मात्र मोजूनच जा. मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करायला ६० दिवस असतात. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. आदेशाची तारीख, नक्कल मागितल्याची तारीख आणि नक्कल मिळाल्याची तारीख, या तिन्ही त्या रेघेच्या तळाशी लिहा आणि नकलेवरचा शिक्का दिसेल असा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.